सतराव्या वर्षी काढलेली नाटक मंडळी

१ जानेवारी १९०८ या दिवशी हुबळीत ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना झाली. मालक होते केशवराव विठ्ठल भोसले, कोल्हापूरचे. ९ ऑगस्ट १८९० हा त्यांचा जन्मदिवस. म्हणजे त्या दिवशी मालकांना अठरावे वर्ष चालू होते. आज त्या वयाची मुले आमच्याकडे शिकायला येतात तेव्हा आई किंवा वडील सोबत असतात आणि फी किती, हेही तेच विचारतात. त्या वयात केशवरावांनी पडदे, पेटारे, कपडेपट, साथीदार आणि दोन वेळच्या पंगतीसकट एक अख्खा संसार अंगावर घेतला. या मंडळीचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा सनावळ्या आणि नाटकांची यादी बाजूला ठेवून आधी हे वयच डोळ्यांसमोर आले. ललितकलादर्श पुढे जितकी वर्षे जगली, ती दर वेळी कुठल्या तरी कोवळ्या गळ्याला कोणीतरी शिकवले म्हणून जगली. मी पायपेटीवर साथ करणारा माणूस. मला हा इतिहास गळ्यांच्या अंगानेच दिसतो.

हुबळी हे नाव वाचून नव्या वाचकाला नवल वाटेल. तेव्हा हुबळी-धारवाड-बेळगाव हा सगळा टापू मुंबई इलाख्यात होता आणि मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम तिथे महिनोन्महिने पडत. मराठी न कळणारे श्रोतेही गाण्यासाठी येत. नव्या मंडळीने तिथे पाय रोवावेत यात गैर काही नव्हते.

केशवराव मात्र अचानक उगवले नव्हते. वडिलांचे छत्र लवकर हरपलेला हा मुलगा अगदी लहानपणी जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. शाळेत बसण्याच्या वयात तो रंगपटात बसला. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी ती कोवळी मुलगी स्वदेशहितचिंतकमध्ये केशवरावांनी उभी केली आणि महाराष्ट्रभर त्यांचे नाव झाले. शारदेचे वय आणि नटाचे वय यांत फारसे अंतर नव्हते. भीतीने थरथरणाऱ्या पोरीची पदे एक खरेखुरे पोर गात होते. ते ऐकून प्रेक्षक हळहळत, यात अभिनयाचा वाटा मोठा होताच. त्या गळ्याच्या कोवळेपणाचा वाटाही तितकाच मोठा असला पाहिजे.

त्या काळच्या नाटक मंडळ्या म्हणजे गाण्याच्या निवासी शाळाच होत्या. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणले आणि गाता येणाऱ्या मुलांना एकदम मोल आले. बायका रंगभूमीवर नव्हत्या, नायिका मुलग्यांनीच करायच्या, आणि नायिकेला पदे भरपूर. आठ-दहा वर्षांचा गोड गळ्याचा पोरगा दिसला की मंडळीचा माणूस त्याच्या घरी जाऊन बसे. मुलगा मंडळीत आला की जेवण, कपडे आणि तालीम सगळे मंडळीचे. रात्री नऊला सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. दुसऱ्या दिवशी थोडी झोप झाली की पुन्हा तालीम. तालीम मास्तर गद्याची नक्कल पाठ करून घेणार, उभे कसे राहायचे आणि हात कुठे ठेवायचे ते दाखवणार. गवई पदांच्या चाली बसवणार. एकच पद महिनाभर घासायचे. समोर ध्वनिक्षेपक नाही. तोंडातून निघालेले अक्षर पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत दमसासाच्या जोरावरच पोचवायचे. या सगळ्यात मुलांचे बालपण किती गेले, मारही किती बसला, हे जुन्या नटांच्या आठवणींतून वाचताना जीव कळवळतो. ती बाजू झाकून या शिक्षणाचे गोडवे गाणे मला जमणार नाही.

या शाळेत एक परीक्षा अशी होती की तिची तारीख कुणालाच ठाऊक नसे. मुलाचा आवाज फुटणे. काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा चौदाव्या-पंधराव्या वर्षी एका सकाळी घोगरा होतो. कालपर्यंत जिथे षड्ज लागत होता तिथे आज नुसती हवा निघते. पेटीवर बसणाऱ्याला हे सर्वांत आधी कळते, कारण पट्टी खाली आणा म्हणून खूण त्यालाच होते. आधी काळी दोन, मग पांढरी एक, आणि तरीही वरचा पंचम चिरकतो. त्या काळात कित्येक बालनटांची कारकीर्द इथेच संपली. ज्यांच्या नावावर घरे भरत होती ती मुले पडदे ओढायला लागली, नाहीतर घरी परतली. ज्यांच्या मागे जाणता गवई उभा होता, ज्यांना त्या वर्षा-दोन वर्षांत गळा न ताणता राखायला कोणी शिकवले, तेच पुढे गेले. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले ते सतराव्या वर्षी, आवाजाचा हा उंबरठा ओलांडण्याच्या वयातच. त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार व्हावेत म्हणून छत्रपती शाहू महाराजांनी व्यवस्था केली होती. गाणाऱ्या मुलाला काय लागते, हे महाराजांना नेमके कळत होते. टाळ्या आणि बक्षिसे नंतरची. आधी त्याचा कान, त्याचे जेवण आणि त्याचा गुरू.

केशवरावांचा गळा फुटल्यानंतरही उभा राहिला, आणि असा उभा राहिला की लोकांनी त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हटले. तार सप्तकात ताकदीने फिरणारा, झपाट्याच्या तानांचा, तडफदार आवाज. त्यामागे पंडित रामकृष्णबुवा वझे यांची तालीम होती. बुवांबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ललितकलादर्शच्या तीन पिढ्या एकाच माणसाने बांधल्या असे म्हणायचे तर तो माणूस वझेबुवा.

बुवांचा जन्म १८७१ सालचा, सावंतवाडी संस्थानातला. गाणे शिकायचे म्हणून ते घरातून निघाले आणि पायी, मागून खात, उपाशी राहत ग्वाल्हेरपर्यंत गेले. तिथे निसार हुसेन खाँसाहेबांकडे त्यांनी विद्या मिळवली. ती मिळवताना काय काय सोसले, ते त्यांनी पुढे स्वतः लिहूनही ठेवले. ज्याला विद्येसाठी दारोदार फिरावे लागले तो माणूस शिकवताना हात आखडून बसला असता तर कुणी दोष दिला नसता. बुवांनी उलटे केले. अनवट रागांचा केवढा तरी साठा त्यांच्याजवळ होता आणि त्यातल्या बंदिशी त्यांनी नाटकातल्या पदांना बेधडक दिल्या. बैठकीत चार जाणकारांनी ऐकायच्या चिजा पिटातल्या गिरणी कामगाराच्या तोंडी बसल्या. नाट्यगीताच्या चाली म्हणजे हलके काम, असे मानणारे गवई तेव्हा होते आणि आजही आहेत. बुवांना तसे वाटले नाही. पदाची चाल नटाच्या गळ्याला, प्रसंगाला आणि तबल्याच्या ठेक्याला एकाच वेळी बसली पाहिजे. ते साधायला मैफलीपेक्षा कमी विद्या लागत नाही, हे मी पेटीवर बोटे ठेवून शपथेवर सांगेन. केशवराव, त्यांच्यामागून बापूराव पेंढारकर, त्यांच्यामागून बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र, असे हे तिघेही वझेबुवांचे शिष्य. मास्टर दीनानाथांनाही बुवांचे गाणे मिळाले, आणि दीनानाथ १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळीच्या संस्थापकांपैकी एक झाले तेव्हा तेही सतरा वर्षांचेच होते. त्या पिढीला सतराव्या वर्षी मालक होण्याची भीती वाटत नव्हती, कारण दहा वर्षांची तालीम पाठीशी असे.

ललितकलादर्शने सुरुवात जुन्या नाटकांवर केली असली तरी केशवरावांची नजर नव्या लेखकांवर होती. १९१२ मध्ये त्यांच्या मंडळीने ‘दामिनी’ केले. लेखिका हिराबाई पेडणेकर. एका बाईने, तेही कलावंतांच्या घराण्यातल्या बाईने, संगीत नाटक लिहावे आणि नामांकित मंडळीने ते रंगभूमीवर आणावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मालकाचे वय तेव्हा बावीसच्या आत-बाहेर. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आले, त्यात केशवरावांची मृणालिनी गाजली. पुढे मामा वरेरकर मंडळीला मिळाले. ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावर, ‘संन्याशाचा संसार’ धर्मांतराच्या प्रश्नावर. गाणारी नाटक मंडळी समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवू लागली. पदे कमी झाली, पण जी राहिली ती अधिक घट्ट झाली.

८ जुलै १९२१ ची रात्र मराठी रंगभूमीने अजून विसरलेली नाही. मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन मंडळ्या एकत्र आल्या. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ पासून बालगंधर्वांच्या भामिनीचे म्हणून ओळखले जात होते. त्या रात्री भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. दोघांच्या प्रेक्षकांनी मनात जपलेली चढाओढ, आणि ते दोघे एका रंगमंचावर एकमेकांच्या समोर. एकाचे गाणे मऊ, लडिवाळ, लयीला गोंजारत जाणारे. दुसऱ्याचे सरळ वर झेपावणारे. अशा प्रयोगात साथीदारांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. नायक-नायिकेच्या पट्ट्या वेगळ्या, लयी वेगळ्या, आणि दोघांचेही चाहते वन्समोअरसाठी टपलेले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. जे आहे ते ऐकलेल्यांनी पुढच्यांना सांगितलेले. तरी त्या कथांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, की कोण जिंकले हे ठरवायला गेलेले लोक घरी जाताना ते विसरले होते.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. मंडळी तेरा वर्षांची.

मालक हीच ज्या मंडळीची मुख्य पुंजी, ती मालकाबरोबर जाते. तशा अनेक गेल्या. ललितकलादर्श राहिली, कारण मंडळीतच तयार झालेला गळा मंडळीत होता. व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी सूत्रे घेतली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आणले. १९२३ मध्ये ‘तुरुंगाच्या दारात’, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर. रंगवलेल्या गुंडाळपडद्यांच्या जागी नेपथ्यकार पु. श्री. काळे यांनी खऱ्या भिंती-दारांची दिवाणखान्याची मांडणी उभी केली. गाणाऱ्या नटाला आता नुसते समोर येऊन हात पसरून गाता येईना. खुर्चीवर बसून, दारातून आत येत, बोलता बोलता पदात शिरायचे होते. बोलण्याचा सूर आणि पदाचा सूर यांत सांधा दिसू नये, ही कला बापूरावांच्या काळात ललितकलादर्शने कमावली. नव्या मुलांना मी आजही आधी तेच शिकवतो. वाक्याचा शेवट ज्या सुरावर पडतो तिथून पद उचलायचे. पेटीने सूर दिला म्हणून गायला लागायचे नाही.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि चार-पाच वर्षांत मोठमोठ्या मंडळ्यांचे पडदे कायमचे पडले. तिकीट स्वस्त, मुक्कामाचा खर्च नाही, आणि गाणारे नटच स्टुडिओत निघून गेले. १५ मार्च १९३७ रोजी बापूरावही गेले. इथे या इतिहासात पाच वर्षांची शांतता आहे.

भालचंद्र पेंढारकर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा. केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. वडील गेले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. मंडळी बंद, सामान पडून, बाजारात नाटकाला किंमत नाही. अशा वेळी त्यांनी वझेबुवांकडे गाणे घेतले आणि १९४२ साली, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, वडिलांचेच ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन ललितकलादर्श पुन्हा उभी केली. दुसऱ्यांदा ही मंडळी मिसरूड फुटलेल्या मुलाने उभी केली, आणि दुसऱ्यांदाही पाठीशी तेच बुवा. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४५ मध्ये, वझेबुवा गेले.

अण्णांच्या, म्हणजे भालचंद्ररावांच्या, कारकिर्दीत मंडळी फिरती राहिली नाही. एका छपराखाली जेवणारे शंभर जण आता कुठून आणायचे? नट नोकऱ्या करणारे, तालीम संध्याकाळची, प्रयोग रविवारचा. तरीही शिस्त जुनीच राहिली. अण्णांचा प्रयोग जाहिरातीत छापलेल्या मिनिटाला सुरू होतो, ही ख्याती मुंबईत सर्वांना माहीत होती. १९५७ मध्ये बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ आले. गावोगावच्या लोकांनी ते पाहिले, त्यातली पदे घरोघर गेली. १९६० मध्ये विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६६ मध्ये त्यांचेच ‘जय जय गौरीशंकर’, दोन्हींना संगीत वसंत देसाईंचे. चित्रपटात नाव मिळवलेल्या देसाईंना नाटकासाठी बोलावणे हा अण्णांचा धाडसी निर्णय होता. जुन्या चालींची नक्कल काढत बसण्यापेक्षा नव्या पिढीला नवी पदे द्यावीत, हे त्यांना कळले. संगीत नाटक मेले, असे सगळे म्हणत असतानाच ही नाटके गर्दी खेचत होती. ‘पंडितराज जगन्नाथ’मधून गोव्याच्या प्रसाद सावकारांचे गाणे महाराष्ट्रभर पोचले. ते रघुवीर सावकारांचे चिरंजीव, म्हणजे त्यांच्याही घरात नाटक मंडळी होती. गोव्याचा सूर आणि ललितकलादर्शचा रंगमंच यांची ती गाठ आमच्या पिढीच्या कानांत पक्की बसली आहे. वयाने लहान असलेल्या गायकाला मोठी पदे देऊन स्वतः बाजूला उभे राहणे हे मालक-नटाला सोपे नसते. अण्णा स्वतः गाणारे असूनही त्यांनी ते केले.

अण्णांनी आणखी एक काम केले, ज्याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. ते प्रयोगांचे ध्वनिमुद्रण करून ठेवत. आपल्या नाटकांचे, आणि दुसऱ्यांच्या नाटकांचेही. चक्रीफितींवर शेकडो प्रयोग, नांदीपासून शेवटपर्यंत. जुन्या तबकड्यांत तीन मिनिटांत उरकलेले पद मिळते, आणि स्टुडिओत गायलेले असल्याने ते स्वच्छ असते. प्रयोगाच्या फितीत पदाच्या आधीचे वाक्य मिळते, आणि गायक कुठे श्वास घेतो, थकला असता कुठली तान गाळतो, तेही ऐकू येते. शिकणाऱ्याला हेच हवे असते. केशवरावांचा एकही पूर्ण प्रयोग आपल्याला ऐकायला मिळाला नाही, ही हळहळ अण्णांच्या मनात असणार, असे मला नेहमी वाटते. ११ ऑगस्ट २०१५ रोजी ते गेले. मंडळी पुढे त्यांचे चिरंजीव ज्ञानेश पेंढारकर यांच्याकडे आली, तेही गाणारेच.

आता आजच्याबद्दल. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा आहे, गोव्यात कला अकादमीची आहे, गावोगावी हौशी मंडळे आहेत. स्पर्धेसाठी तीन महिने तालीम होते, एक प्रयोग होतो, मुलाला गायनाचे पारितोषिक मिळते, वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढच्या वर्षी नवे नाटक, नवी पदे. एकाच भूमिकेचे शंभर प्रयोग करण्याची संधी जवळजवळ कुणालाच मिळत नाही. गळा तर शंभराव्या प्रयोगात पिकतो. मुलांना उत्तेजन द्यायचे असेल तर बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी प्रयोगांची संख्या वाढवा, प्रवासखर्च द्या, ऑर्गन आणि तबल्यावर बसणाऱ्याला मानधन द्या, असे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि इथेही सांगतो. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला वर्षभर स्पर्धेत उतरवू नका, हेही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ साली पॅलेस थिएटर बांधून घेतले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती उरल्या, लाकडी रंगमंच, छत, खुर्च्या सगळे गेले. सकाळी कोल्हापूरकर तिथे नुसते उभे होते. कित्येक जण रडत होते. पुनर्बांधणी हाती घेतली गेली, आणि ती होईलच, कारण कोल्हापूर आपल्या नाट्यगृहावाचून राहणार नाही. मला चिंता आहे ती नव्या लाकडाच्या घुमाऱ्याची. जुन्या मंचावर ध्वनिक्षेपकाशिवाय म्हटलेले वाक्य शेवटच्या रांगेत ऐकू यायचे. बांधणाऱ्यांनी तिथे एकदा तरी नुसत्या गळ्याने कुणाला गायला लावून पाहावे.

माझ्याकडे सध्या एक मुलगी शिकते, सोळा वर्षांची. ‘जय जय गौरीशंकर’मधले एक पद बसवत होतो. एका स्नेह्यांकडून मिळालेले जुन्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण लावले. फीत खरखरत होती, मधूनच कुणी खोकत होते. पद संपले, टाळ्या झाल्या, आणि मागून आवाज उठला, वन्समोअर. क्षणभर गोंधळ, मग ऑर्गनचा सूर पुन्हा लागला आणि गायकाने तेच पद दुसऱ्यांदा सुरू केले, या खेपेला वेगळ्या जागेपासून. मुलीने हात वर करून फीत थांबवायला सांगितली. ती जागा पुन्हा लावा म्हणाली. आम्ही ती बारा वेळा लावली.